नसलेलं अक्षर आणि हरभऱ्याचे दिवस

हरभरा आला की माझी बोटं आंबट होतात. हिरव्या हरभऱ्याच्या झाडावर एक खारट-आंबट ओल असते, आमच्या घरात तिला आंब म्हणतात. घाटे सोलायला बसलं की ती आंब बोटांना लागते, नखांच्या कडांना चुरचुरते, आणि हात कितीही धुतले तरी पुस्तकाचं पान उलटायला बोट ओठाशी नेल्यावर जिभेवर येतेच. भोपाळात संक्रांत उलटली की हातगाड्या हिरव्या होतात. ऊन अजून अंगावर घ्यावंसं वाटतं, पण कानटोपी नकोशी होते. कडुनिंबाची पानं पिवळी पडायला लागतात. या दिवसांत लोकांना पानंफुलं आठवत असतील, मला नाही. आठवतं ते ग्रीक.

मी प्राचीन ग्रीक वाङ्मयाचा माणूस आहे. बरखेड्याच्या कारखान्याच्या वस्तीत, जिथे लोक टर्बाइन आणि ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलत, तिथे राहून मी अडीच हजार वर्षांपूर्वीची नाटकं शिकवली. लोक विचारत, "याचा उपयोग काय?" मी म्हणे, "काही नाही." त्यावर ते समाधानाने मान हलवत. वस्तीत प्रत्येक गोष्टीचा उपयोग ठरलेला होता, एखादी बिनउपयोगी गोष्ट त्यांनाही हवीच असावी.

दर वर्षी हा हंगाम आला की छातीवर एक दगड येऊन बसायचा, आणि उन्हाळा लागला की थोडा सरकायचा. या वर्षी तो नाही. हात लावून बघावा तशी मी मनाची ती जागा चाचपून बघतो. नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या विषयातली एक रीत आधी सांगायला हवी. जुनी ग्रीक नाटकं पुष्कळशी हरवली. काहींचे तुकडे तेवढे उरले, इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या झाडापासून केलेल्या जुन्या कागदावर. कुठे ओळीचं टोक फाटलेलं, कुठे मधलाच भाग किड्यांनी खाल्लेला. अभ्यासकाचं काम असं की उरलेलं वाचायचं आणि गेलेलं काय असेल याचा अंदाज बांधायचा. मात्र नियम कडक आहे. आपण भरलेली अक्षरं चौकटी कंसात टाकायची. ज्या अक्षराची खात्री नाही त्याच्याखाली टिंब द्यायचं. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की मूळ कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं. हा नियम मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवला, आणि माझ्या स्वतःच्या आयुष्याची जी गोष्ट घराघरांत सांगितली जात होती, तिच्यात एकही कंस घातला नाही.

ती गोष्ट अशी. धाकटा विनायक हुशार. शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला, तिथे ग्रीकमध्ये मोठं नाव काढणार होता. इकडे आई टायफॉइडने आजारी पडली. थोरल्या भावाने घाबरून तार केली. पोरगा सगळं टाकून आला, आई पंधरवड्यात बरी झाली, पण त्याचं परदेशातलं शिक्षण मात्र बुडालं. काय तो मातृभक्त मुलगा, आणि काय तो उतावळा भाऊ.

त्या हंगामात मी परत आलो तेव्हा दादा स्टेशनवर उभा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मधुकर, कारखान्याच्या फाउंड्रीत सुपरवायझर. पाळी संपवून तसाच आला होता, भुवयांवर काळी धूळ. त्याने माझी ट्रंक उचलली आणि पहिलं वाक्य बोलला, "आईचा ताप उतरलाय रे." ते सांगताना त्याचा चेहरा असा होता की जणू ती चूकच झाली. आईचा ताप उतरल्याची लाज वाटलेला तो जगातला एकमेव मुलगा असेल.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात आई उन्हात बाजेवर बसली होती, डोक्याला फडकं बांधून. मांडीवर सूप, सुपात हरभरा. हात अजून कापत होते, एकेक घाटा दोन-दोन वेळा सुटायचा. मला बघून म्हणाली, "आलास? हात धू आणि बस सोलायला." शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू कुंपणावरून वाकून बघत होत्या. "बघा हो," त्या वहिनींना म्हणाल्या, "आल्या आल्या आईपाशी बसला. पण मधुकररावांनी जरा धीर धरायला नको होता का?"

वहिनी अकोल्याच्या, बोलायला फटकळ. "आता झालं ते झालं बाप्पा," त्या म्हणाल्या. पण नंतर स्वयंपाकघरातून मला स्पष्ट ऐकू आलं, "मी म्हटलं होतं दोन दिवस थांबा म्हणून. डॉक्टर म्हणत होते ना की उतरेल. तुम्हाला तर बस तार करायची घाई!" तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्या हातात एक घाटा होता. मी तो फोडला, दाणे काढले, सुपात टाकले.

आता तिकडचं.

माझा सगळा प्रबंध एका तळहाताएवढ्या तुकड्यावर उभा होता. एका हरवलेल्या शोकांतिकेतल्या काही ओळी. त्या कोण बोलतं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी फोटोवरून वाचत होतो, मोठं भिंग घेऊन, दिवसच्या दिवस. एका ओळीच्या मध्यात मला एक काळा ठिपका दिसला. आधीच्या कुणी त्याची दखल घेतली नव्हती. मला त्यात एका अक्षराचा अवशेष दिसला, आणि ते अक्षर धरलं की या ओळी एका आईच्या तोंडी बसत होत्या. लढाईवरून न परतलेल्या मुलाची आई. एकदा ती दिसल्यावर मग मला सगळंच दिसायला लागलं, तिचं दार, तिची वाट बघणं, सबंध प्रवेश. मी त्यावर प्रकरणामागून प्रकरण लिहिलं. अक्षराखाली टिंब द्यायलाही विसरलो. मला खात्रीच होती.

माझे मार्गदर्शक बारीक अंगाचे, हळू बोलणारे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "मूळ पाहिलंत?"

मूळ तुकडा दुसऱ्या देशातल्या एका ग्रंथालयात होता. मी गेलो. दोन काचांमध्ये ठेवलेला तो तपकिरी तुकडा त्यांनी हिरवं कापड लावलेल्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. ठिपका होता. पण जवळून बघितल्यावर तो काळा नव्हता, हिरवट होता. मी तिथल्या बाईंना विनंती करून ती काच खिडकीकडे उचलून धरली. आणि माझ्या अक्षरातून उजेड आला.

ते भोक होतं. किड्याने पाडलेलं भोक. फोटोत त्याची सावली शाईसारखी आली होती. दोन वर्षं मी एक भोक वाचत होतो.

मार्गदर्शकांनी मला झिडकारलं नाही. ते म्हणाले, "हे सगळ्यांचं होतं. माझंही झालं आहे. ही प्रकरणं काढा, उरलेलं चांगलं आहे, आणखी वर्षभर लागेल." मी हो म्हणालो. पण खोलीवर जाताना रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक आहे असं मला वाटत होतं. नुसती चूक असती तर सोसली असती. मी एक आई उभी केली होती, तिच्या दुःखावर पानंच्या पानं लिहिली होती, आणि ती नव्हतीच. खोलीच्या दाराखालून दादाची तार सरकवलेली होती. आई आजारी आहे, जमल्यास ये.

ती वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते काळजीचं नव्हतं. हे लिहायलाच मला इतकी वर्षं लागली. तार वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. कागदावरच्या आईने मला तोंडघशी पाडलं होतं आणि खऱ्या आईने आजारी पडून बाहेर जायचं दार उघडून दिलं होतं. परत जायचं नाही हे मी सामान भरतानाच ठरवलं होतं. दादाने बोलावलं म्हणून मी आलो नाही. दादाने बोलावलं नसतं तरी काहीतरी निमित्त काढून आलोच असतो.

पण दादाने ते स्वतःवर घेतलं. तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता, हातांनी काहीतरी करून टाकायचा. वस्तीत तेव्हा पुष्कळांच्या घरचं फर्निचर यंत्रांच्या पेट्यांच्या लाकडाचं असे. कारखाना ती मोडलेली खोकी कामगारांना स्वस्तात देई. दादाने दोन रविवार खपून त्या लाकडाचं माझ्यासाठी टेबल केलं. पुढची खोली रिकामी केली, स्वतःची दोन पोरं मागच्या व्हरांड्यात झोपवली. मग एके दिवशी म्हणाला, "शिकव."

"काय?"

"तेच. तुझं ग्रीक."

"इथे? कोणाला?"

"ते माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीचा भोंगा होऊन गेल्यावर तो दोन विद्यार्थी घेऊन आला. एक मिश्राजी, ड्रॉइंग ऑफिसातले नकाशे काढणारे, गोल चेहऱ्याचे, पान खाणारे. दुसऱ्या सिस्टर अलियम्मा, वस्तीच्या इस्पितळातल्या नर्स, केरळच्या. त्यांना आपला धर्मग्रंथ मूळ भाषेतून वाचायचा होता. मिश्राजींना काय हवं होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दादाने त्यांना एवढंच सांगितलं होतं की माझा भाऊ परदेशातून आला आहे आणि त्याचं मन रमवायचं आहे. तिसरा विद्यार्थी दादा स्वतः, संख्या बरी दिसावी म्हणून.

मी पाटीवर वर्णमाला लिहिली. मिश्राजी एकदम उठून उभे राहिले. "अरे, ये तो थीटा है! प्रोफेसर साहब, ये तो हमारा ऐंगल है! बीस साल से इसी को खींच रहे हैं!"

"मिश्राजी, बैठिए ना," सिस्टर अलियम्मा म्हणाल्या. "सर को आगे जाने दीजिए."

"आगे क्या जाना सिस्टर, आधी भाषा तो मुझे आ गई!"

वहिनींनी मधोमध हरभऱ्याचं सूप आणून ठेवलं. शिकवणी व्हायची तर काम तरी होऊ दे, हा त्यांचा हिशोब. तेव्हापासून तीच पद्धत पडली. माझे विद्यार्थी हरभरा सोलत ग्रीक क्रियापदं घोकत. टरफलं फुटल्याचा टचटच आवाज आणि त्या भाषेचे लांब स्वर. दादा सकाळची पाळी करून आलेला असे, भिंतीला टेकून झोपे. एकदा मी कंसांचा नियम समजावून सांगत होतो तेव्हा तेवढा जागा होता. "हे बरंय," म्हणाला, "मूळचं नसेल ते कंसात. आमच्याकडे सांधा मारलेला दिसू नये म्हणून घासतात." बाकी ग्रीक त्याला कधी आलं नाही.

त्या पुढच्या खोलीत मला माझा विषय परत मिळाला. सिस्टर अलियम्मांनी एका उन्हाळ्यात पहिलं वाक्य स्वतःहून वाचलं आणि त्या रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं की वाचणं ही केवढी मोठी गोष्ट असते, आणि न दिसणारं न वाचणं त्याहून मोठी. पुढे मी टी. टी. नगरच्या बाजूच्या एका कॉलेजात पोटासाठी इंग्रजी शिकवलं आणि संध्याकाळी, रविवारी ग्रीक. दूरदूरचे विद्यार्थी यायला लागले, बसने येऊन वस्तीच्या फाटकावर "ग्रीकवाले साहब" विचारत. पेटीच्या लाकडाच्या त्या टेबलावर मी लहान लहान शोधलेख लिहिले आणि ते बाहेर छापूनही आले. सगळे एकाच प्रकारचे. इतरांनी तुकड्यांमध्ये वाचलेलं एखादं अक्षर तिथे नाही, हे दाखवणारे. नव्या अक्षरांची भर मी घातलीच नाही, असलेली कमी केली. लोकांना वाटे, हा माणूस किती सावध. कारण कुणाला माहीत नव्हतं. माझ्या बायकोलासुद्धा नाही. तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

का नाही सांगितलं? सुरुवातीला लाजेने. मग सोय म्हणून. मग भीतीने. दादाने जे काही माझ्यासाठी केलं, टेबल, खोली, पाटी, ते सगळं त्याच्या अपराधी मनातून आलं होतं. खरं सांगितलं तर त्या सगळ्याचा पायाच निघून जाईल. माझं चांगलं आयुष्य दादाच्या नसलेल्या गुन्ह्यावर उभं होतं. पुन्हा एकदा मी एका भोकावर प्रबंध रचला होता.

या जानेवारीत अरेरा कॉलनीतल्या एका सभागृहात आमच्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. शाल, नारळ, सगळं. वक्ते उत्साही होते. म्हणाले, "आईसाठी परदेश सोडणारा हा पुत्र! ती तार आली नसती तर आज जगाने यांना वेगळ्या व्यासपीठावर पाहिलं असतं!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत दादा बसला होता, काठी गुडघ्यांमध्ये धरून. शहाऐंशी वर्षांचा माणूस. टाळ्या वाजवणाऱ्या सभेत त्याने मान खाली घातली. नंतर गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाला, "माझ्यामुळे, विन्या." तो हे दर काही वर्षांनी म्हणायचा. या वेळी मला वाटलं, पुढच्या वेळी म्हणायला तो नसला तर?

पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर त्याने वस्तीला लागूनच लहानसं घर बांधलं आहे. गच्चीवर ऊन होतं. वहिनींनी चटई टाकून हरभरा पसरला होता. तिघंही सोलत बसलो. दादाची बोटं आता जाड आणि वाकडी झाली आहेत, तरी तो झपाझप सोलतो. एक घाटा त्याने डोळ्यांजवळ नेला आणि माझ्यापुढे धरला. "बघ. अळीने खाल्लाय. वरून कसा टम्म दिसतो."

घाट्यावर एक बारीक गोल भोक होतं. मी तो घाटा हातात घेतला, उन्हाकडे धरला. आणि मग मी थांबलो नाही. फोटो, ठिपका, हिरवं टेबल, मार्गदर्शक, दाराखालची तार, आणि ती वाचून आधी काय वाटलं ते. सगळं सांगितलं. वाक्यं सरळ येत होती. बहुधा मनात इतक्या वेळा म्हटली होती.

दादाने आणखी एक घाटा सोलला. मग विचारलं, "केवढं होतं ते भोक?"

"एवढंच. राईएवढं."

"आणि ते मास्तर म्हणाले की दुरुस्त कर?"

"हो."

"आमच्या फाउंड्रीत ओतीव मालात भोक निघालं की खडूची खूण करून दुरुस्तीला पाठवायचो," तो म्हणाला. "तू गाढवा, स्वतःला सरळ भंगारात घातलंस."

"घातलं."

"मग मी तार केली नसती तरी?"

"तरी आलो असतो."

"नक्की?"

"नक्की, दादा."

त्याने काठी बाजूला ठेवली. चेहऱ्यावर काय आलं ते मला लगेच ओळखू येईना, कारण ते मी तरुण दादाच्या चेहऱ्यावर शेवटचं पाहिलं होतं. मला वाटलं होतं तो रागावेल, त्याला हक्क होता. तो तर हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "ऐकलंस का गं?" तो वहिनींकडे वळला. "मी नाही बोलावलं याला! हा आपणहून पळून आलाय!"

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, तुम्ही हे आता सांगता?" त्या म्हणाल्या. "तुमची गाडी रुळावर यावी म्हणून यांनी दक्षिणेतल्या नव्या कारखान्याची बढती सोडली. मोठा बंगला होता बाप्पा, अंगणात नारळ! यांनी साहेबाला सांगितलं, भावाचं माझ्यामुळे नुकसान झालंय, मी जाऊ शकत नाही."

मी मान खाली घातली. आता माझी पाळी होती. तेवढ्यात दादा घसा खाकरून म्हणाला, "ते तसं नव्हतं."

"म्हणजे कसं?"

"मला जायचंच नव्हतं तिकडे. तळं नाही, गार हवा नाही, आणि रोज भात. विन्याचं नाव सांगितलं की साहेब गप्प बसायचे."

वहिनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या पुढ्यातला सगळा हरभरा दोन्ही हातांनी आमच्याकडे लोटला. "सोला आता दोघं भाऊ," म्हणाल्या. "मी झोपते." जिन्यावरून उतरताना मात्र त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, हे मी पाहिलं.

आम्ही सोलत राहिलो. ऊन कलत गेलं. दादा मधेच म्हणायचा, "भोक वाचलंस!" आणि पुन्हा हसायचा. त्याने पुण्याच्या मुलीला फोन लावून सांगितलं. खालच्या भाडेकरूला सांगितलं. मला म्हणाला, "हे लिहून काढ. त्या भाषणवाल्याला वाचायला दे. आणि मनचं काही भरू नकोस. भरलंस तर कंसात."

मी शोधून बघितलं. या लेखात एकही कंस नाही.

मी निघालो तेव्हा तो मला सोडायला फाटकापर्यंत आला. काठी वरच विसरली होती, आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. कोपऱ्यावर हरभऱ्याची गाडी उभी होती, विकणारा तरुण पाणी शिंपडत होता. दादा त्याच्याजवळ गेला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "भैया, ये मेरा छोटा भाई है. ये अपने आप आया था. मैंने नहीं बुलाया था."

त्या तरुणाने दोघांकडे नीट बघितलं. "अच्छा किया बाबूजी," तो म्हणाला. "आधा किलो दूँ?"

"एक किलो दे," दादा म्हणाला. "पूरा."